अंतरपाटामागचा फासा

"मगर तुझ्या डाव्या अंगाला आहे," निरंजन म्हणाला. "तिला घाई नाही. ती तुझ्याकडे बघत नाही, रखमा. ती तुझ्यानंतरच्या पाण्याकडे बघते आहे."

तुझ्यानंतरचं पाणी म्हणजे नेमकं कुठलं, असं टोणपेनं विचारलं. निरंजननं नुसता हात वर केला. राज्य नाट्यस्पर्धेत त्याला एकदा उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं होतं, तेव्हापासून अडचणीच्या प्रश्नांना तो हातानंच उत्तर द्यायचा.

रखमा म्हणजे मी. खरी मी शलाका शिंत्रे, सांगलीच्या शिंत्रे मंगल कार्यालयाच्या मालकांची, आप्पांची, थोरली मुलगी. पण त्या शनिवारी दुपारी मी रखमा नावाडीण होते, कृष्णेच्या डोहात गळाभर पाण्यात उभी होते, आणि तळाशी गेलेली देवळाची घंटा काढायला बुडी मारणार होते. प्रत्यक्षात तिथं डोह नव्हता, मगर नव्हती आणि घंटाही नव्हती. होती आमच्या कार्यालयातली वधूपक्षाची खोली. एक टेबल, चार-सहा खुर्च्या आणि नवरीला नटायला म्हणून आप्पांनी बसवून घेतलेला भिंतभर आरसा. एरवी आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये बसायचो, पण लग्नसराई तोंडावर आली म्हणून तिथं रंगकाम काढलं होतं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण सूत्रधार होतो आणि समोर काय काय आहे ते सांगतो. बाकीचे एकेक माणूस धरून बसतात आणि आपला माणूस आता काय करतो ते बोलून दाखवतात. जिथं शंका असेल, उडी साधली की नाही, दोर तुटला की टिकला, तिथं फासा टाकायचा. फासा वाईट पडला तर तुमचा माणूस मरतो, आणि मेला की मेला. चार महिने जिवापाड सांभाळलेला असला तरी त्याला परत आणता येत नाही. मग नवा माणूस घ्यायचा आणि पुन्हा श्रीगणेशा करायचा.

आमचा खेळ चातुर्मासातच चालायचा. कारण साधं होतं, चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढी झाली की कार्यालय ओस पडतं, तसं त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही तिथं शिरलो. तुळशीचं लग्न लागलं की आमचं बिऱ्हाड बाहेर. आप्पांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरं बसतात तर बसू देत म्हणायचे आणि किल्ली माझ्या हातावर ठेवायचे. संध्याकाळी परत दिली की एकच विचारायचे, खिडक्या उघडल्या होत्या ना. बाकी जागा फुकट, डोक्यावर पंखे फुकट, आणि चहा आमच्या घरून.

आमच्यात गेम डिझायनर दोन होते. सांगलीसारख्या गावात हा खेळ मांडणारे दोघं असणं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, आणि दोन्ही तलवारींना आपलीच धार खरी वाटत होती.

निरंजन दांडेकरचं म्हणणं, खेळ म्हणजे गोष्ट. त्याच्या खेळाचं नाव 'पैलतीर', आणि त्याचे सगळे नियम एका पोस्टकार्डावर मावायचे. नियम म्हणजे नाटकातला पडदा ओढणारा माणूस, तो प्रेक्षकाला दिसला तर प्रयोग फसला, असं तो सांगायचा. खोटं कशाला बोलू, गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो 'ओलं दोरखंड' म्हणाला की तळहाताला काच बसायचा. पण त्याच्या खेळात गुराख्यापासून कोतवालापर्यंत जो तो दुसऱ्या अंकातल्यासारखं बोलायचा, प्रत्येकाची आई लहानपणी वारलेली असायची, आणि निरंजनपेक्षा जास्त वेळ बोलणाऱ्या खेळाडूवर हटकून दरड कोसळायची.

भरतेश मगदूम इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचा. त्याच्या खेळाचं नाव 'प्रवाह', आणि त्याची नियमावली उशाला घेतली असती तर मान अवघडली असती. गोष्ट काय, माझा न्हावीसुद्धा सांगतो, असं तो म्हणायचा. खेळ उभा राहतो तो आकड्यांवर. त्यातही तथ्य होतं. भरतेशच्या खेळात झटापट सुरू झाली की घाम फुटायचा, कारण काय पणाला लागलंय आणि वाचायची आशा किती, ते समोर स्वच्छ दिसत असायचं. मात्र त्याच्याकडे साप चावला तर आधी सापाचा स्वभाव ठरवायचा तक्ता होता. एका रविवारी आम्ही अख्खी दुपार घालवून एक ओढा ओलांडला, कारण लुगडं किती भिजलं हे वाऱ्याच्या दिशेनुसार काढायचं होतं. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं.

दोघं एकमेकांच्या खेळाबद्दल बोलायला लागले की ऐकण्यासारखं असायचं. निरंजन 'प्रवाह'ला इन्कमटॅक्सचा फॉर्म म्हणायचा. भरतेश 'पैलतीर'ला कीर्तन म्हणायचा, आणि वर म्हणायचा की कीर्तनात निदान शेवटी प्रसाद तरी मिळतो.

त्या वर्षी पुण्याला अशा खेळांचं पहिलंवहिलं संमेलन भरणार होतं. एका गावाचा एकच खेळ घेणार, असं तिकडून कळलं आणि आमच्याकडे भांड्याला भांडं लागायला सुरुवात झाली. शेवटी ठरलं ते असं. गोष्ट एकच, रखमा आणि डोहातली घंटा. खेळाडूही तेच. शनिवारी ती निरंजननं त्याच्या पद्धतीनं चालवायची, रविवारी भरतेशनं त्याच्या. मग एकानं निकाल द्यायचा. निकाल कोण देणार यावर भांडण होईल असं मला वाटलं होतं, पण दोघांनी एका सुरात माझं नाव घेतलं. सगळ्या चातुर्मासात जिचा माणूस एकदाही मेला नाही, तिच्याइतकी जाणती खेळाडू दुसरी कोण, असं भरतेश म्हणाला. निरंजननं मान डोलवली. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होताना मी प्रथमच पाहत होते, आणि मला तो माझा मोठा मान वाटला.

मला तो मान का हवा होता, तेही सांगायला पाहिजे. तोवर माझ्या आयुष्यात माझं असं काही झालंच नव्हतं. ड्रायव्हिंग लायसन मला गाडीला हात न लावता मिळालं, आप्पांची ओळख होती. गाण्याच्या स्पर्धेत पहिली आले, परीक्षक आप्पांचे मित्र होते. कॉलेज संपलं तर नोकरी कार्यालयाच्याच ऑफिसात, आणि खुर्चीसुद्धा आप्पांनी निवडलेली. लोक म्हणायचे, पोरीचं नशीब बघा. नशीब कसलं, सगळी आप्पांची ओळख. एक रखमा तेवढी माझी होती. तिला आप्पा ओळखत नव्हते. ती दरडीतून वाचली, शिकाऱ्याच्या जाळ्यातून निसटली, पुराच्या पाण्यात ओंडका धरून तरली, आणि दर वेळी ते माझ्या डोक्यानं आणि माझ्या फाशानं झालं होतं. म्हणून मी दोघांना आधीच बजावलं होतं की परीक्षेसाठी दुसरी कुणी रखमा नको, माझीच हवी. मेली तर दोन्हीकडे मेली.

टोणपेची गोष्ट याच्या अगदी उलटी होती. प्रदीप टोणपेचं मेडिकलचं दुकान होतं, आणि त्याचा माणूस आठवड्याला मरायचा. पहिला म्हादबा मेला. मग म्हादबाचा भाऊ आला, तो मेला. मग चुलतभाऊ, मग मेहुणा. त्या शनिवारी घरातले कर्ते पुरुष संपल्यामुळे तो म्हादबाची वहिनी म्हणून बसला होता.

निरंजनच्या खेळात फासा फक्त सूत्रधार टाकायचा, आणि तोही आडोशामागं. खेळाडूला फासा दिसला की म्हणे गोष्टीची समाधी भंगते. त्या आडोशासाठी त्यानं आमच्या कार्यालयातला अंतरपाट मागून घेतला होता. कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं ते वस्त्र तो दोन खुर्च्यांच्या पाठींना ताणून बांधायचा आणि पलीकडे बसायचा. इतकी लग्नं लावलेला अंतरपाट, पण असं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"मी बुडी मारते," मी म्हणाले.

अंतरपाटामागं फासा खुळखुळला. मी समोर बघत होते, निरंजनच्या तोंडाकडे. त्याच्या पाठीमागं आरसा होता. आरशात त्याची पाठ दिसत होती, कुर्त्याची सुटलेली शिवण दिसत होती, आणि त्याच्या कोपराशेजारी टेबलावर पडलेला फासा दिसत होता. फाशावर एकच ठिपका होता.

एक म्हणजे मरण. पोस्टकार्डावरचा तो पहिलाच नियम होता.

निरंजननं फाशाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सावकाश उघडले. "पाच," तो म्हणाला. मग त्यानं गढूळ पाण्यातला हिरवा उजेड सांगितला, घंटेच्या काठाला लागलेली बोटं सांगितली, तिच्या ओठांवर गोठलेला शेवटचा नाद सांगितला. सांगणं इतकं सुरेख होतं की माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचीही मला चीड आली.

मला वाटलं, नजरचूक असेल. खात्री करायला मी वेडेपणा केला. म्हणाले, रखमा मगरीच्या जबड्यात हात घालते. का, म्हणून टोणपेनं विचारलं. मी म्हटलं, तिला वाटलं. आरशात दोन पडले. निरंजन म्हणाला, सहा, आणि मगरीनं जबडा मिटलाच नाही, कारण तिला रखमाच्या डोळ्यांत स्वतःची हरवलेली पिल्लं दिसली.

मग टोणपे म्हणाला की वहिनी काठावर बसून नावेचा दोर धरून ठेवते, बाकी ती काही करत नाही. आरशात पाच पडले होते. मी चांगले मोजले.

"एक," निरंजन खोल आवाजात म्हणाला आणि वहिनीला दोरासकट डोहात ओढून घेतलं. गोष्टीला बळी लागतो, असं त्यानं नंतर समजावलं. टोणपेनं खिशातून शेंगदाणे काढले आणि वहिनीच्या नावानं दोन बाजूला ठेवले.

मी चहा दिला, खिडक्या लावल्या, किल्ली आप्पांना दिली. घरी येऊन मात्र एकेक प्रसंग आठवत बसले. ती दरड, तो ओंडका, ते जाळं. प्रत्येक वेळी अंतरपाट होता आणि प्रत्येक वेळी निरंजननं डोळे मिटले होते. मला रडू आलं. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, की नसलेल्या नावाडणीचे नसलेले पराक्रम खोटे निघाले?

एक आशा राहिली होती. चातुर्मासातले अर्धे रविवार भरतेशचे होते, आणि भरतेशचा फासा उघडा असायचा. आडोसा नाही, काही नाही. स्टीलच्या ताटात दोन फासे टाकायचे, तेही खेळाडूनं स्वतःच्या हातानं. गणिताचा माणूस, तो कशाला लबाडी करेल. रविवारी मी कार्यालय उघडलं तेव्हा निकाल मनात पक्का होता. निरंजन कोपऱ्यात पाय पसरून बसला होता, भरतेशच्या चुका टिपायला. टोणपे आता वहिनीची जाऊ होता.

दोन तास वाऱ्याचा वेग, पाण्याचा गढूळपणा आणि रखमाच्या पोटातली भाकरी यांचा हिशेब झाला आणि आम्ही डोहाशी आलो. बुडीला आठ किंवा वर लागतील, असं भरतेशनं सांगितलं. मी फासे टाकले. ताट वाजलं. तीन आणि एक. चार.

रखमा मेली होती. आणि खरं सांगते, कुठंतरी मला बरं वाटलं, कारण यावेळी ते सगळ्यांसमोर उघड्यावर झालं होतं.

भरतेशनं नियमावली उघडली. "थांब. जन्म नदीकाठचा, अधिक दोन. गढूळ पाण्यात डोळे उघडे ठेवायची सवय, ती नदीकाठच्यांनाच, अधिक एक. कार्तिकात ओढ कमी होते हे नदीकाठच्यांना कळतं, अधिक एक." त्यानं चष्मा वर सरकवला. "आठ. बरोबर आठ. बघ, आकडे कधी दगा देत नाहीत."

पुढची पाळी टोणपेची. जाऊबाई घंटेचा दुसरा काठ धरायला बुडी मारते म्हणाला. ताटात नऊ पडले. भरतेशनं पान उलटलं. माळावरचा जन्म, उणे दोन. जाऊबाई वहिनीच्या मागोमाग गेल्या.

"टोणपे," मी म्हणाले, "तू पण नदीकाठचा जन्म का नाही घेतलास?"

"मागितलेला की. जागा भरल्या म्हणाला."

"कसल्या जागा?"

"नदीकाठच्या जन्माच्या."

मी भरतेशकडे वळले. अशा जागा एकूण होत्या किती, असं विचारलं. त्यानं नियमावलीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, एक. संतुलनासाठी.

तो जन्म मला त्यानंच सुचवला होता. आषाढात, पहिल्या दिवशी, अगदी सहज म्हणून. तेव्हापासून नियमावली जाड होत गेली होती आणि नव्या प्रत्येक पानावर नदीकाठच्यांना काही ना काही मिळालं होतं. शेवाळावर तोल, धुक्यात दिशा, जळवांपासून अभय. निखाऱ्यांवरून चालतानाही मला अधिक एक मिळाला होता, तळवे ओले म्हणून. मी तेव्हा त्याच्या बुद्धीचं कौतुक केलं होतं.

मग मी शनिवारचा आरसा सांगून टाकला. एक ठिपका, दोन ठिपके आणि टोणपेचे पाच. निरंजननं मान वळवून आरशाकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्याला तो दिसलाच नव्हता. पाहता पाहता त्याचा हात आपोआप केसांवरून फिरला.

"गोष्टीची गरज होती ती," तो म्हणाला. "रखमा नायिका आहे. नायिका तिसऱ्या अंकाआधी मरत नाही."

भरतेश लगेच उसळला. हीच ती लबाडी, म्हणूनच नियम लागतात, म्हणाला. त्याचं सगळं छापील होतं, कुणीही वाचावं. निरंजन म्हणाला, छापून केलेली लबाडी ती शास्त्र होय? दोघांची नेहमीची जुंपली. गोष्ट मोठी की आकडे मोठे, कुणाचा खेळ सच्चा आणि कुणाचा बेगडी. मी मधे हात आपटला तेव्हा कुठं थांबले.

"मीच का?" मी विचारलं. "नायिका टोणपेची वहिनी का नाही? काठावर टोणपे का नाही जन्मला?"

निरंजननं हात वर केला. मग त्यालाच तो कुठं ठेवावा कळेना. भरतेश नियमावलीत काहीतरी शोधायला लागला. उत्तर शेवटी टोणपेनं दिलं, शेंगदाणे सोलता सोलता.

"अगं, तू मेलीस आणि रुसून घरी बसलीस तर किल्ली कोण आणणार? गेल्या वर्षी आम्ही गणपतीच्या मांडवात बसायचो, लोक चपला सांभाळाय सांगायचे. ह्या दोघांनी आषाढातच ठरवलेलं. शलाकाला मारायचं नाही, बाकी कायबी करा."

म्हणजे त्यांचं एकमत मी पहिल्यांदा पाहत नव्हते. ते पहिल्या दिवसापासून होतं. एकाची गोष्ट आणि दुसऱ्याचं गणित, दोघांची सगळी प्रतिभा चार महिने एकाच कामाला जुंपलेली होती, आमच्या कार्यालयाचे पंखे सुरू ठेवण्याच्या. रखमालासुद्धा आप्पांचीच ओळख लागली होती.

"आणि तुला हे ठाऊक होतं?" मी टोणपेला विचारलं.

"होतं की." त्यानं वर पाहिलं. "मलाबी पंखा लागतो."

मी उठले. आदल्या दिवसापासून खुर्च्यांना बांधलेलाच असलेला अंतरपाट सोडला, टेबलावर पसरला आणि ताटातला एक फासा उचलला. तिघांना सांगितलं की आता नदीकाठ नाही, अंक नाहीत. अधिक काही नाही, उणे काही नाही. चार किंवा वर पडले तर रखमा घंटा घेऊन वर येईल, नाहीतर नाही. भरतेश म्हणाला की असा नियम 'प्रवाह'मध्ये बसत नाही. निरंजन म्हणाला की अशानं शेवट फार कोरडा होतो. मी फासा टाकला.

तो गडगडत गेला आणि कुंकवाच्या स्वस्तिकावर थांबला. तीन.

"कललाय," भरतेश झटकन वाकून म्हणाला. "कापडाला घडी आहे खाली. कललेला फासा धरत नाहीत. परत टाक."

"तीन म्हणजे जवळजवळ चारच," निरंजन म्हणाला. "आणि घंटा हाताला लागलीच होती ना."

दोघांचे चेहरे असे झाले होते की बाहेरच्या कुणाला वाटावं, खरंच कुणी बुडालंय. मी कापडावर तळहात फिरवून दाखवला. घडी कुठंही नव्हती.

"रखमा बुडाली," मी म्हणाले. "निरंजन, सांग."

त्यानं फाशाकडे पाहिलं, या वेळी डोळे न मिटता. मग म्हणाला, "पाणी मिटलं."

बस, एवढंच. एवढं चांगलं वाक्य तो त्याआधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही बोलला नाही. मला रखमाचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, घरातलं माणूस गेल्यासारखं. पण तिचं ते मरण माझं होतं. ते मला कुणी मिळवून दिलं नव्हतं.

निकाल द्यायचा राहिला होता, तो मी उभ्या उभ्या दिला. निरंजनची गोष्ट मोठी आणि भरतेशचे आकडे पक्के, यात वाद नाही. निरंजन स्वतः खोटं बोलतो आणि भरतेश नियमांना खोटं बोलायला लावतो, दोघांत फरक तेवढाच. खोटंच निवडायचं तर मी निरंजनचं निवडेन, निदान ते आरशात दिसतं. पुण्याला कुणाला पाठवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी म्हणाले. त्या वर्षी पुण्याला सांगलीहून कुणीच गेलं नाही.

मी किल्ली उचलली तसं भरतेशनं घसा साफ केला. पुढच्या आषाढीचं काय, म्हणजे जागेचं काय, असं त्यानं विचारलं. निरंजननं भरतेशकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. दोघांच्या कपाळावर घाम होता, आणि पंखा तर चालू होता.

"आप्पांना मी जगले काय आणि मेले काय, याच्याशी देणंघेणं नाही," मी म्हणाले. "चार महिने वास्तू बंद राहिली की आत पाकोळ्या शिरतात आणि गाद्यांना कसर लागते. गेल्या वर्षी खिडक्या उघडायला माणूस ठेवला होता, तो टिकला नाही. तुम्ही नुसते आला असता तरी चाललं असतं. मला मारून आला असता तरी."

टोणपे इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दोघांना मात्र हसू आलं नाही. थोड्या वेळानं निरंजन हळूच भरतेशला म्हणाला की ही कल्पना मुळात तुझी होती. भरतेश म्हणाला, मुळीच नाही, आषाढात पहिल्यांदा कोण बोललं ते मी सिद्ध करून दाखवतो. मी खिडक्या लावल्या तरी ते भांडत होते.

आता कार्यालय मी चालवते, आणि चातुर्मासात खेळही मीच चालवते. अंतरपाट लग्नालाच वापरतो, फासा ताटात पडतो. निरंजन आणि भरतेश दोघंही येतात, एकमेकांशेजारी बसतात, आणि दोघंही बरेचदा मरतात. निरंजन मरताना अजून लांबलचक भाषण करतो, आणि ते संपेपर्यंत भरतेश फासा कललाय का ते वाकून बघत असतो. माझ्याकडे नदीकाठच्या जन्माच्या जागा भरत नाहीत, मागेल त्याला देते. पहिला टोणपेला दिला. तो पहिल्याच रविवारी बुडाला, आणि फासा सगळ्यांनी बघितला.